लोकजीवन सदन

"आईलाही बसवा तिथेच," मॅडम म्हणाल्या. "जास्त खरं वाटेल."

माय नुकती आली होती. सकाळच्या गाडीने, अर्जुनीहून गोंदियाला. हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी वाळवलेले झिंगे. पोरीला भेटून परत जायचं, एवढंच तिच्या मनात. मॅडमनी तिची पिशवी काढून घेतली आणि तिला माझ्याशेजारी बसवलं. प्लायवुडच्या झोपडीसमोर. फरशीवर ठेवलेल्या, कधी न पेटलेल्या चुलीपाशी.

आमच्या कॉलेजच्या वसतिगृहात चार सदनं. विज्ञान, उद्योग, कला आणि लोकजीवन. एका आवडीच्या मुलींनी एकत्र राहावं, एकत्र शिकावं, अशी योजना. प्रवेशाच्या फॉर्मवर आवड विचारली होती. मी विज्ञान लिहिलं होतं. मला फिजिक्स शिकायचं होतं. वर्ग विज्ञानाचाच मिळाला, पण सदनांची यादी लागली तेव्हा माझं नाव लोकजीवनात. चूक झाली असेल म्हणून मॅडमकडे गेले. वसतिगृह त्याच बघायच्या. त्यांनी माझं आडनाव वाचलं, हसल्या, म्हणाल्या, मुळांशी जोडलेलं राहावं माणसाने.

त्या मजल्यावर आम्ही अकरा जणी. कोणी गोंड, कोणी हलबा, मी ढिवर, मासेमारांच्या जातीतली. एकीनेही लोकजीवन लिहिलेलं नव्हतं.

विज्ञान सदनात संध्याकाळी सर यायचे. गणितं सोडवून घ्यायचे. आमच्याकडे नागपूरहून एक बाई यायच्या, वारली चित्रं शिकवायला. वारली लोक कुठे राहतात, हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. मी वही घेऊन विज्ञानच्या अभ्यासखोलीबाहेर उभी राहायचे. आतला आवाज ऐकून लिहायचे. एक दिवस आतल्या एका मुलीने दार लावून घेतलं. रागाने नाही. वारा येत होता म्हणाली.

तरी मी गप्प राहिले. खोली फुकट होती. जेवण होतं. गावात कॉलेज नव्हतं.

मग तो पाहुण्यांचा दिवस आला. मॅडमनी आम्हाला लुगडी नेसवली. घरी आम्ही कोणी लुगडं नेसत नाही. माझ्या वाट्याला कोळिणीचा देखावा. भिंतीवर जाळं म्हणून व्हॉलीबॉलची जुनी नेट टांगलेली. माय ती बघून हळूच हसली होती.

पाहुणे आले. गोंदियातलेच, मोठ्या घरांतले. एका बाईने मोबाइल काढला आणि मायला म्हणाली, "अम्मा, ज़रा जाल फेंक के दिखाओ."

मायने जन्मात जाळं फेकलं नव्हतं. जाळं बाबा टाकतात, इटियाडोह धरणाच्या पाण्यावर. माय टोपलीत मासे घेऊन बाजारात बसते. हे सांगायला मी तोंड उघडलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं. ते मिटलेलं तोंड मला अजून छळतं.

माय उठली. तिने एकदा फरशीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. भिंतीवरची नेट उतरवली, बाबा टाकतात तसा हात मागे नेला आणि फेकली. कोरड्या, चकचकीत फरशीवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो हलला होता, म्हणून त्या बाईने पुन्हा फेकायला सांगितलं. मायने पुन्हा फेकली. या वेळी नेट तिच्याच पायात अडकली. ती पडता पडता वाचली. लोक हसले. तीही हसली, त्यांना बरं वाटावं म्हणून.

तिसऱ्यांदा ती नेट उचलायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला.

"काऊन अडवून राहिली?" माय कानाशी म्हणाली. "फेकतो ना मी. तुया शिक्षणाले काही होऊ नये."

"शिकाले मी आलो, माय. तू नाही."

कॉलेजात मी पुस्तकी बोलायचे, जपून. त्या दिवशी सगळ्यांसमोर आमची बोली निघाली, बायकाही 'आलो' म्हणतात ती. मॅडम म्हणाल्या, एकदाच करू दे, पाहुणे आहेत. मी म्हणाले, "आता नाही." एवढंच. मोठं भाषण सुचलं नाही. मी मायच्या पायातली नेट सोडवली, तिची पिशवी घेतली आणि तिला जिन्याने खाली आणलं.

स्टेशनवर म्हणाली, "माह्यामुळं झालं." ते ऐकून मी फलाटावर बसून रडले.

दुसऱ्या दिवशी कागद मिळाला. लेखी माफी द्या, नाहीतर खोली सोडा. माझ्या खोलीतली मुलगी सालेकसाकडची. ती म्हणाली, लिहून दे, नाहीतर साऱ्यांचीच खोली जाईल. तिच्यावर राग आला नाही. तिलाही जायला जागा नव्हती. बाबांचा फोन आला. तेही म्हणाले, लिहून दे.

मी लिहायला बसले. 'माझी चूक झाली' इथपर्यंत लिहिलं. पुढे हात चालेना. दोनदा कागद फाडला. मग नवा घेतला आणि लिहिलं: मी विज्ञान सदन मागितलं होतं. माझं नाव लोकजीवनात कोणत्या कारणाने घातलं, ते लेखी द्यावं.

खोली गेली. मी सामान घेऊन निघाले तेव्हा बाकीच्या दहा जणी खिडकीतून बघत होत्या. कोणी खाली आलं नाही.

आता मी रोज अर्जुनीहून गाडीने येते-जाते. गाडी उशिरा आली की पहिला तास बुडतो. या वेळी फिजिक्समध्ये नापास झाले. मायला सांगितलं नाही. कधी कधी गाडीत वाटतं, उतरूच नये, अशीच पुढे निघून जावं. कोणाला काय फरक पडणार.

माझ्या कागदाला उत्तर आलेलं नाही. दर महिन्याला मी तोच कागद पुन्हा देते आणि पोच घेते. कार्यालयातला बाबू परवा म्हणाला, कायले त्रास करून घेते, नाव काढून टाक ना इथून.

नाव मी काढणार नाही. फिजिक्सचा पेपर पुन्हा देणार, पास होईपर्यंत देणार. मला काढायचं असेल तर त्यांनी काढावं. आणि काढताना कारण लिहावं, खाली सही करावी.