कानबाईची भूक

आईची गोळी आबांच्या खिशात असायची. हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. आबा म्हणजे माझे वडील. आजार आईचा, पोट आईचं, आणि गोळ्यांची पट्टी मात्र त्यांच्या सदऱ्याच्या खिशात, चष्म्याच्या शेजारी.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आमचं घर धरणगावला, मी धुळ्याला शाळेत शिकवायची आणि सुट्टी मिळाली की एसटीनं घरी यायची. आईला मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली होती. आधी एक साधी गोळी होती, जेवणानंतरची. ती पुरेनाशी झाली तेव्हा जळगावच्या डॉक्टरांनी नवी लिहून दिली, एकाच गोळीत दोन औषधं असलेली. आई त्यांच्या समोरच्या स्टुलावर बसली होती. तिच्याकडे न बघता ते आबांना म्हणाले, “रोज जेवणाआधी एक देत जा.” ती किती वाजता जेवते, हे त्यांनी विचारलं नाही. आईनं सांगितलं नाही. आबांना तर त्यात विचारण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

मग रोज दुपारी आबा पाटावर बसले की आई पाण्याचा तांब्या ठेवायची. आबा खिशातून पट्टी काढायचे, एक गोळी तिच्या तळहातावर ठेवायचे आणि तिनं गिळली की पहिला घास घ्यायचे. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, नशीब काढलं, नवरा हातानं औषध देतो! आबा मिशीत हसायचे. डॉक्टरांनी सांगितलं तसं गोळी जेवणाआधीच जात होती की! फक्त जेवण आबांचं होतं. त्यांच्यानंतर माझा भाऊ, मग आमच्या दुकानातली माणसं, मग मुलं, मग आलागेला. आई चुलीपुढे गरम भाकरी टाकत राहायची आणि शेवटी उरलंसुरलं घेऊन बसायची, तोवर ऊन कलायला लागलेलं असायचं.

नवी गोळी सुरू झाल्यापासून दुपारी तिचे हात कापायला लागले. घामानं पोलकं भिजायचं. मी विचारलं तर म्हणाली, “चुलनी धग लागस, दुसरं काय.”

“आई, गोळी घेतलीस की लगेच जेवत जा ना.”

“बठ्ठास्नं जेवन व्हऊ दे, मंग बठसू मी.”

सगळ्यांचं झाल्यावरच बसणार म्हणणाऱ्या तिचाही मला राग यायचा. आबांवर रागावणं सोपं होतं, तिच्यावर रागावून उपयोग नव्हता. भिंतीवर डोकं आपटल्यासारखं व्हायचं ते. वहिनी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच ‘जाऊ द्या’ म्हणायची, आणि मी जाऊ द्यायची.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून देवी मांडायची, पुरणाचा नैवेद्य, रात्री जागर, सोमवारी विसर्जन. तिच्या रोटांसाठी, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांसाठी, गहू मोजतात ते घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मुठी घेऊन. पाळण्यातल्या पोराची मूठ धरतात, आणि जी दळते, मळते, भाजते तिची नाही. बाईच्या देवीला बायकांची मोजदाद नको! लहानपणी मी हे विचारलं तेव्हा आत्यानं माझ्या पाठीत धपाटा घातला होता.

त्या वर्षी काकांची मंडळी यावलहून यायची होती आणि ती आल्याशिवाय नैवेद्य नाही, असं आबांनी ठरवलं. आई सकाळपासून खापरापुढे होती. उलट्या खापरावर मांडे करणं म्हणजे पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत रुमालासारखा पातळ करायचा आणि न फाडता त्या तापलेल्या खापरावर टाकायचा. गावात आईसारखे मांडे कुणाचे होत नसत. तिच्या पोटात सकाळचा अर्धा कप बिनसाखरेचा चहा होता. नैवेद्याआधी घरात कुणी जेवत नाही. तरी आबांनी केळी खाल्ली होती, उपासाला चालतात म्हणून. आईला उठायला सवड नव्हती.

रोजच्या वेळेला आबा चुलीपाशी आले आणि त्यांनी गोळी पुढे केली.

मी म्हटलं, “आबा, तिनं काही खाल्लेलं नाही. रिकाम्या पोटी नका देऊ.”

“दवाई शे, जेवन थोडीच शे?” आबा म्हणाले. दवाईनं उपास मोडत नाही म्हणून ती घ्यायला हरकत नाही, हा त्यांचा हिशोब. आईनं हाताला पीठ होतं म्हणून तोंड उघडलं आणि त्यांनी गोळी तिच्या जिभेवर ठेवली.

यावलची एसटी काही येईना. आईच्या हातावरचा मांडा मधेच फाटला. तो फाटला तेव्हाच मला कळायला हवं होतं, तिचा मांडा कधी फाटत नसे. मग दुसरा फाटला. ती घुमल्यासारखी डोलायला लागली, घामाच्या धारा लागल्या, मळवट पसरून कुंकू नाकावर आलं. मनगट खापराला टेकलं तरी तिनं हात मागे घेतला नाही. मी तो ओढून काढला.

“कानबाई उनी!” आत्या ओरडली. “अंगमा उनी!”

झालं! सगळं घर चुलीभोवती गोळा झालं. कुणी हळद आणली, कुणी तिच्या पायांवर पाणी घातलं. मी घसा फोडून सांगत होते की ही देवी नाही, हिची साखर उतरलीय. आमच्या शाळेतल्या एका मास्तरांना मी असंच घामाघूम होताना बघितलं होतं, ते टेबलाच्या खणात गूळ ठेवायचे. आत्यानं मला कोपरानं बाजूला सारलं. शिकून मला फार शिंगं फुटली होती, असं तिचं मत होतं.

तेवढ्यात आईनं मान वर केली आणि थेट आबांकडे बघून ती ओरडली, “माले भूक लागनी रे! माले खावाले दे!”

आईनं जन्मात आबांना ‘अहो’सुद्धा मोठ्यानं म्हटलं नव्हतं. ‘रे’ म्हणणारी ही आई असणं शक्यच नव्हतं. आबांनी हात जोडले. खरंच जोडले, मी बघितलं.

“देवी निवद मांगी राह्यनी!” आत्या म्हणाली. आणि यावलची मंडळी आली नसताना, आरती झाली नसताना, पुरण आणि खीर आईच्या पुढ्यात आली. आबांनी स्वतःच्या हातानं तिला घास भरवले. आई अधाशासारखी खात होती आणि बायका ओव्या म्हणत होत्या. मी तिथे उभी राहून संतापानं रडत होते. रोज दुपारी ही बाई भुकेनं कापत होती तेव्हा एकाचंही लक्ष गेलं नाही, आणि नारळाच्या नावानं मागितल्याबरोबर ताट वाढलं.

थोड्या वेळात ती शुद्धीवर आली. सगळ्यांना वाटलं, देवी तृप्त झाली. बायकांनी तिच्या पाया पडून तिला मागच्या खोलीत निजवलं आणि घर आरतीच्या मागे लागलं. दिवेलागणीला मी तिला उठवायला गेले तर ती उठेना. अंथरूण घामानं ओलं. आत्या म्हणाली, देवी अंगातून गेली की शीण येतो, निजू दे. मी भावाच्या दंडाला धरून त्याला बाहेर काढलं आणि म्हटलं, आई मेली तर मी तुमच्या कानबाईला गटारीत टाकीन. भाऊ जीप घेऊन आला.

जळगावच्या दुसऱ्या दवाखान्यात तिला सलाईनमधून साखर दिली. तिथल्या डॉक्टरांनी दोन दिवस सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी ते समजावायला बसले, तेही आबांकडे तोंड करून. मी म्हटलं, “डॉक्टर, गोळी माझी आई घेते. तिला सांगा.” आबांचा चेहरा पडला. पडू दे.

डॉक्टरांनी खुर्ची फिरवली. गोळीतल्या दोन औषधांपैकी एक, ते म्हणाले, पोटात अन्न आहे की नाही हे बघत नाही, साखर खाली ओढतच राहतं, आणि त्याचा जोर तासन्‌तास टिकतो. म्हणून खाऊन बरं वाटलं तरी तुम्ही पुन्हा पडलात. आता ताट पुढ्यात आल्याशिवाय गोळी तोंडात टाकायची नाही. जेवण हुकलं तर ती गोळी सोडा, आणि पुढच्या वेळी दोन घेऊ नका. उपास धरायचा असेल तर आधी मला विचारा. हात कापले, घाम फुटला, की लगेच साखर, मग जेवण. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ इथे आणायचं. आई मान डोलवत होती. मग हळूच म्हणाली, “डॉक्टरसाहेब, पन त्यास्ना आधी कशी जेवू?”

उत्तर आबांनी शोधलं. घरी आल्यावर त्यांनी भाऊबंदांना बोलावून सांगितलं की कानबाईनं हिच्या तोंडून आधी जेवायला मागितलं, तेव्हा यापुढे या घरात पहिलं ताट हिचं. डॉक्टरांचं नावही काढलं नाही. सगळ्यांनी मान तुकवली. माझ्या तोंडावर आलं होतं की तिला बायको म्हणून जेवू घालायला तुमचे हात झडले होते का? पण आई माझ्याकडे बघत होती, मी उठून तिचं ताट वाढायला गेले.

पुढल्या सुट्टीत घरी आले तेव्हा दुपारी आई पाटावर बसली होती आणि आबा दारात तिचं जेवण होण्याची वाट बघत उभे होते. पट्टी तिच्या कमरेच्या पिशवीत होती. तिनं गोळी घेतली, भाकरीचा तुकडा मोडला आणि मला जवळ बोलावलं.

“देवी-बिवी काई नई उनी व्हती,” ती माझ्या कानात म्हणाली. “माले भूक लागेल व्हती. कोनले सांगू नको, नईते माले परत मांगे बसाडतीन.”