बघतोचा धडा

तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला शाळासोबती ‘बघतो’ म्हणत. काहीही सांगा, तो म्हणायचा, “बघतो.” आणि खरंच बघायचा, तिथेच सगळं बिघडलं. एरवी ‘बघतो’ म्हणणारा माणूस पुन्हा तोंड दाखवत नाही.

शाळासोबत्यांची दरवर्षी सहकुटुंब सहल निघे. जागा शोधणं, गाडी ठरवणं, कुणाला जिने चढवत नाहीत आणि कुणाचं घोरणं कुणाला सोसत नाही हे लक्षात ठेवणं, सगळं बघतोच्या गळ्यात. त्यांचा म्होरक्या वकील. “तुझ्याशिवाय आमचं पान हलत नाही बुवा,” म्हणत तो बघतोला हरभऱ्याच्या झाडावर चढवी, आणि हा शहाणा चढे. खोल्या वाटून झाल्या की उरेल ती जागा याची. कधी जिन्याखाली, कधी स्वयंपाकघरात. शेजारी बायको चटईवर, मुकाट.

या वर्षी त्याने कुण्या उमरावाचा जुना बंगला भाड्याने मिळवला. संगमरवरी जिना, पुरुषभर उंचीचे आरसे, झुंबरं, आणि सगळ्यात वर घुमटाखाली एक गोल खोली. चहूबाजूंनी खिडक्या, खाली तळं. फोटो पाहून बायको म्हणाली, “ही खोली माझी. बाकी मला काही नको.” लग्न झाल्यापासून तिने तोंड उघडून मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

“बघतो.”

“बघतो नाही. हो म्हणा.”

“हो,” तो म्हणाला.

बंगला सांभाळणाऱ्या बाईंनी फोनवर विचारलं, “तुम्हाला धरून किती माणसं?” बघतो बोटांवर मोजू लागला. आता, तराजूवर माल मोजण्याआधी रिकाम्या भांड्याइतकं वजन समोरच्या पारड्यात टाकतात, म्हणजे भांडं हिशेबातून जातं. त्याला धडा करणं म्हणतात. बघतोने जन्मभर स्वतःचा धडाच केला होता. बायकोला त्याने सगळ्यांत आधी धरलं. स्वतःला धरायचं राहिलं.

“सगळ्यांना धरून तेरा,” त्याने ठणकावून सांगितलं. सगळी जोडपी, आणि आकडा तेरा! काट्याच्या कारागिराला शंका येईल तर शपथ.

बंगल्याच्या दारात बाईंनी माणसं मोजली आणि एक जास्त भरलं. “घर फार जुनं आहे,” त्या म्हणाल्या. “ठरल्यापेक्षा एकही माणूस जास्त राहणार नाही. मालकांची सक्त ताकीद आहे.”

सगळ्यांत आधी वकिलाच्या लक्षात आलं. “अरे गाढवा, स्वतःलाच विसरलास?” मग जी हसाहस झाली, ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बघतोही हसला. हसणं थांबलं तेव्हा जो तो आपापल्या बॅगा उचलत होता. बाईंना दोन शब्दांत विनवावं, असं त्या सोबत्यांपैकी एकालाही सुचलं नाही.

“गावात मिळेल एखादी खोली,” वकील म्हणाला. “तूच बघ ना.”

“बघतो.”

“वहिनी, तुम्हीपण जा की सोबत. वरची खोली आमची ही घेईल.”

बघतोच्या जिवात जीव आला. ती येईल, याची त्याला पुरती खात्री होती. त्याने तिच्या बॅगेला हात घातला. तिने बॅग ओढून घेतली. घुमटाखालच्या खोलीची किल्ली तिच्या मुठीत होती.

“मी इथेच राहणार.”

“अगं, पण मी एकटा...”

“जिन्याखाली मी निजले. स्वयंपाकघरात निजले. माझ्यासाठी कधी भांडलात यांच्याशी? मग तुमच्यासाठी मी का भांडू?” ती सगळ्यांसमोर बोलली, आवाज न चढवता. मग जिना चढून गेली. मागे वळून पाहिलं नाही.

बघतोला राग आला नाही, तो त्याला कधी येतच नसे. वाईट मात्र वाटलं, इतकं की फाटकाची कडी त्याच्या हाताला सापडेना.

मागे जेवणाच्या दालनातून वकील ओरडला, “सगळे आले का रे?”

“सगळे आले!” सगळ्यांत मोठा आवाज वरून, घुमटाखालच्या खिडकीतून आला. त्याच्या बायकोचा.