पोहायला बंदी, सांडपाण्याला मोकळी वाट

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

आज आमच्या कॉलनीमागच्या तलावावर देखभाल समितीची बैठक झाली. समिती आम्हा रहिवाशांचीच. काठावर मेलेले मासे पडलेत, सगळे नाकाला रुमाल लावून बसलेत, आणि विषय काय? सेल्फी पॉइंट कुठं करायचा!

मी विचारलं, "वरच्या नव्या सोसायटीचं सांडपाणी सरळ तलावात येतंय. त्याचं काय करायचं?"

अध्यक्ष म्हणाले, "ताई, ते महापालिकेचं काम. आपण सुशोभीकरण बघायचं."

तेव्हा रशीदचाचा उठले. निवृत्त शिक्षक. कॉलनीतल्या कितीतरी पोरांना, माझ्या लेकीलाही, त्यांनी याच तलावात पोहायला शिकवलं. त्यांनी बाह्या वर करून हातावरचे लाल चट्टे दाखवले.

"खाज काही जात नाय. पाणी लई खराब झालंय, भाऊ. आधी तो पाइप बंद करा."

अध्यक्षांनी लगेच ठराव मांडला, तलावात पोहायला बंदी! भराभर हात वर झाले. विरोधात आम्ही दोघंच.

चाचा बाह्या खाली करून निघाले. मी मागं गेले तर म्हणाले, "बेटा, मी पाणी दाखवलं, अन् यांनी मलाच पाण्याबाहेर काढलं."

राहवेना, म्हणून दुपारी शेजारणीला घेऊन त्या सोसायटीत गेले. तिथले सेक्रेटरी हसून म्हणाले, "तुमच्या समितीची तर आजपर्यंत एकही तक्रार नाही!"

समितीतले बरेच जण ही पोस्ट वाचतील. तुम्हीच सांगा, आता तक्रार कुणाची करू?