भरताच्या जाळावर पेटलेली सिगार

आज आबांच्या फोटोपुढे आम्ही सिगार पेटवून ठेवली. कोणाला नावं ठेवायची असतील त्यांनी खुशाल ठेवा.

तब्येतीला वाईट असते, माहीत आहे. डॉक्टर मित्रांनो, आजचा दिवस कमेंट करू नका, हात जोडते.

आबा म्हणजे माझे वडील. असोदा गावचे, केळीवाले शेतकरी. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

मी धुळ्याच्या हेमंतशी लग्न केलं. जात वेगळी, आणि नोकरी क्रूझवर, तिथल्या सिगार लाउंजमध्ये. आबांनी एवढंच विचारलं होतं, "म्हंजे लोकाईच्या बिड्या पेटोतो?"

त्यानंतर ते माझ्याशी बोललेच नाहीत. चार वर्षं. फोन केला की उचलायचे, आणि न बोलता आईच्या हातात द्यायचे.

माझा मोठा भाऊ, दादा, तर त्यांच्याही पुढे. "आबा एक वेळ विसरतील, मी नाही," असं मला तोंडावर सांगून मोकळा.

मग एका मार्गशीर्षात आईनेच कोणाला न विचारता निरोप धाडला. "मयात भरीत आहे. दोघं या." मयात म्हणजे मळ्यात; आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो.

जावई पहिल्यांदा सासुरवाडीला जाताना माणूस पेढे नेतो, फळं नेतो.
आमच्या हिरोने सिगारचा डबा घेतला. का, तर मी कधीतरी म्हटलं होतं की आबा बिडी ओढतात!
मी कपाळाला हात लावला.

मळ्यात कपाशीच्या काड्यांचा जाळ केलेला. आबा उकिडवे बसून काठीने वांगी फिरवत होते. आमच्याकडे बघेनात. दादा शेजारी उभा, तोही बघेना.

हेमंतने डबा आबांपुढे ठेवला आणि मागे सरकला.

बऱ्याच वेळाने आबांनी एक सिगार उचलली. दातांनी टोक तोडलं, थुंकलं. जळती काडी सरळ सिगारला चिकटवली आणि बिडी ओढतात तसा जोरात झुरका मारला.

अगं बाई! काय तो ठसका. सिगार एका बाजूने काळीठिक्कर, दुसरी बाजू कोरी.

"फेका ते," दादा म्हणाला.

हेमंत घरून शुद्ध मराठी घोकून आला होता. घाबरला, आणि तोंडातून निघाली त्याची धुळ्याची अहिराणी.

"आबा, जाळ फक्त दखाडाना, लावाना नही!"

जाळ नुसता दाखवायचा. लावायचा नाही.

आबा थांबले. आता उठून चालायला लागले तर परत कधी बोलावणं येणार नव्हतं.

"मंग दाखव," आबा म्हणाले.

हेमंतचं लायटर विमानतळावरच काढून घेतलेलं. त्याने डब्यातली दुसरी सिगार काढली, बंद टोकाची नुसती टोपी चाकूने उडवली. काडेपेटीची काडी ओढली, आणि गंधकाचा वास जाईपर्यंत थांबला. मग ज्योत खाली, सिगार वर, मध्ये बोटभर अंतर. हळूहळू फिरवत राहिला. कडा सगळीकडून सारखी लाल झाली, तेव्हा कुठे आबांच्या हातात दिली.

"आता हळूच ओढा आबा. ओढताना पण फिरवत राहा. धूर गिळू नका. आणि टोकावर फुंकर मारून बघा, सगळीकडून सारखी पेटली का ते."

आबांनी फुंकर मारली. सिगारकडे पाहिलं, मग जाळावरच्या वांग्याकडे पाहिलं.

"आरे, हे तं भरीतच झालं! वांगं जायात कोंबलं का वरून जयतं अन् आतून कच्चंच राह्यतं." आणि हातातली काठी हेमंतला दिली. "धर. फिरव. पाहू तुले येतं का."

दादा तिथून निघून विहिरीकडे गेला.

बोलता बोलता आबांची सिगार विझली. ते ओशाळले. "वाया गेली का रे?"

"नाही आबा. राख झाडायची, परत शेकायची. पेटते."

तेव्हा आबांनी माझ्याकडे बघितलं. चार वर्षांनी.
"तू जेवली का वं?"

मी काय सांगू कशी रडले ते! भाकरीच्या टोपल्यावर डोकं ठेवून.

पुढे दर हिवाळ्यात एक सिगार, भरताच्या दिवशी. बिडी पण कमी झाली. मित्रांना सांगायचे, "आमच्या जवाईची ट्रेनिंग आहे." मान अशी ताठ.

दादा मात्र हेमंतशी बोलला नाही तो नाहीच. मागच्या वर्षी आबांना खांदा दोघांनी दिला, तरी शब्द नाही. आबांना शेवटी तेवढंच लागून राहिलं होतं.

आज विधी आटोपल्यावर आबांचा फोटो घेऊन सगळे मळ्यात जमलो. डब्यात एकच सिगार उरलेली. दादाने कोणाला न विचारता ती उचलली आणि काडी थेट चिकटवली.
एक बाजू काळी.

हेमंत चार पावलांवर. मी डोळ्यांनीच म्हटलं, गप्प राहा.

दादा मागे न वळता म्हणाला, "पाहत काय राह्यला? जाळ दाखवायचा ना नुसता? मग धर की."

हेमंतने काडी धरली. दादा सिगार फिरवत होता.
"हळू, दादा."
"हळूच करतोय."

पेटली. सगळीकडून सारखी. फोटोपुढे विटेवर ठेवली.

ओढायला कोणी नाही, त्यामुळे आम्ही जेवत होतो तेवढ्यात विझली.

दादा पानावरून उठला. सिगार उचलून राख झाडली, आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असा ओरडला,

"हेमंत, विझली रे! काडी आण."

आबा, ऐकलं ना?

आता निवांत राहा. तुमच्या लेकीचा रामराम.