भिंतीवरचा मोहोर

"हमसे क्या मतलब, साहब?" असं म्हणून ते खांद्यावरचा गमछा झटकत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. जगातली कुठलीही बातमी अंगावर बसलेल्या माशीसारखी उडवून लावणारी.

मलिहाबादच्या एका आंब्याच्या बागेचे ते रखवालदार. नव्वदच्या दशकात मी लखनौच्या एका संशोधन संस्थेत होतो. पानांचे नमुने घ्यायला महिन्यातून एकदा त्या बागेत जात असे. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो.

सरकार बदललं, गमछा. उपग्रह वर गेला, गमछा. रेडिओवर हवामानाचा अंदाज लागला की ते आवाज बारीक करत. "लखनऊ में बैठकर हमारे बादल गिन रहे हैं," म्हणत आणि पेरू कापायला घेत. पहिली फोड, मीठ लावून, मला.

एका वर्षी संस्थेने सर्वेक्षण काढलं. पृथ्वी तापते आहे, त्याबद्दल सामान्य माणसाला काय वाटतं? छापील प्रश्नावली घेऊन मी चाचांच्या खाटेवर बसलो.

"चाचा, दुनिया गरम हो रही है, सुना है?"

"नहीं."

"वैज्ञानिक लोग कहते हैं…"

"कहते होंगे. हमसे क्या मतलब?"

शेवटी रकाना होता, 'विषयाबद्दल आस्था'. मी 'नाही'वर खूण केली. रस्त्यावर जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवू लागला.

मी उठलो तेव्हा चाचा म्हणाले, "आप लिखने ही आए हैं, तो एक चीज़ देख लीजिए." त्यांनी मला बागेच्या कडेच्या खोलीत नेलं. पूर्वेला लहान खिडकी होती. समोरच्या मातीच्या भिंतीवर चाकूने ओढलेल्या रेघांची एक रांग होती.

"पढ़ना तो आता नहीं. जिस दिन पहला बौर दिखे, अगली सुबह पहली धूप जहाँ गिरे, वहाँ निशान." बौर म्हणजे आंब्याचा मोहोर. त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं. "पहले धूप सरककर यहाँ बाएँ आती थी, तब बौर आता था. अब उधर ही रहती है और बौर आ जाता है. इंतज़ार नहीं करता."

हिवाळा सरतो तसं सकाळचं पहिलं ऊन त्या भिंतीवर डावीकडे सरकतं. काही रेघा मागेपुढे होत्या, पण रांग वर्षागणिक उजवीकडे सरकत गेली होती. मोहोर लवकर येऊ लागला होता. मला ते कळलं, तिथेच, उभ्याउभ्या.

"लिख लिया?" त्यांनी विचारलं.

हॉर्न पुन्हा वाजला. "हाँ हाँ, लिख लिया," मी म्हणालो.

लखनौत हज़रतगंजच्या एका सभागृहात मी अहवाल वाचला: ग्रामीण भागात लोक उदासीन आहेत. टाळ्या झाल्या.

पुढे माझ्याकडे दुसरं काम आलं आणि बागेत जाणं सुटलं. दोन वर्षांनी चाचा गेल्याचं कळलं, तेव्हा गेलो. त्यांच्या मुलाने मला त्याच खोलीत बसवलं. भिंत चुन्याने पांढरीशुभ्र केलेली होती.

"इस पर निशान थे," मी म्हणालो.

"अब्बा ने खुद पुतवा दी थी, पिछली ईद पर. हमने टोका भी." मुलगा पेरू कापत होता. "बोले, अब दीवार की क्या ज़रूरत. साहब के काग़ज़ में सब लिखा है. लिखा है ना, साहब?"

त्याने मीठ लावलेली पहिली फोड पुढे केली.

मी "हाँ" म्हणालो. तेही खोटं होतं.