लाल रेघेच्या खाली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. दोनदा अगदी ओठांवर आलं होतं — एकदा दवाखान्यात पडून होतो तेव्हा, आणि एकदा धाकट्या मुलीच्या हळदीच्या दिवशी, काही कारण नसताना — आणि दोन्ही वेळा मी खोकलो आणि विषय बदलला. आज तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल बहुतेक.

सुरुवात कुठून करू? थर्मामीटरपासून केली तर तुम्ही म्हणाल, एवढंच होय? म्हणून आधी आप्पांचं सांगतो.

दुष्काळाच्या वर्षी मी लातूरच्या पलीकडून निघालो. बाविशीत होतो. सातवी अर्धी टाकून शाळा सोडलेली, गावात काम नाही, विहिरीला पाणी नाही. फिरत फिरत कराडच्या खाली पोचलो. तिथं शेणोली-ताकारीच्या अंगाला उसाच्या रानांतून रेल्वे जाते, आणि तिथं रूळ नीट राखणारी बारा माणसांची एक गँग होती. हिंदुराव आप्पा तिचे मुकादम. मूळचे पलूसकडचे, थोरला मुलगा पलटणीत. त्यांनी मला नाव विचारलं, गाव विचारलं, आणि गावाचं नाव ऐकून म्हणाले, "एवढ्या लांबनं आलास? मग जेवलास कवा?"

पहिले चार महिने मी त्यांच्या घरीच जेवलो. काकू माझ्यापुरती भाकरी पातळ थापायच्या, कारण मी एकदा बोलून गेलो होतो की आमच्याकडं पातळ करतात. रेल्वेच्या साहेबांपुढं उभं करून मला हंगामी कामावर लावलं तेही आप्पांनीच. अशी ती माणसं. आणि त्यांच्याशी मी —

थांबा. क्रमानं सांगतो.

आप्पांना अक्षर येत नव्हतं. पण उन्हाळ्यात ते रुळाला उलटा हात टेकवायचे, मनात काहीतरी मोजायचे, आणि सांगायचे — आज बारापर्यंत काम करू, किंवा आज नको. तीस वर्षं असंच चाललेलं. कधी चुकलं नाही, असं जुने लोक सांगायचे.

मग लांब रूळ आले. पूर्वी रुळाच्या दोन तुकड्यांमध्ये फट असायची, तापलं की लोखंड त्या फटीत वाढायचं. आता तुकडे वितळवून जोडले, लांबच लांब सलग. गाडीचा खडखडाट गेला, पण तापलेल्या रुळाला सरकायला जागा राहिली नाही. खडी आणि रुळाखालचे आडवे स्लीपर त्याला दाबून धरतात, म्हणून तो सरळ असतो. भर उन्हात खडी उकरली की ती पकड सुटते. त्यासाठी साहेबांनी एक थर्मामीटर दिला. लाकडी पेटीत, काचेचा, रुळावर ठेवायचा, लाल रेघ मारलेला. पारा रेघेच्या वर गेला की काम बंद, स्टेशनात कळवायचं, आणि मग साहेब स्वतः ट्रॉलीवरून येऊन थर्मामीटर बघणार.

गँगमध्ये आकडे वाचणारा मी एकटा. पेटी माझ्याकडे आली, वहीही माझ्याकडे. आकडा मी लिहायचा, खाली आप्पांनी अंगठा उठवायचा. आमच्यातला भिवा त्या दिवसापासून मला मास्तर म्हणायला लागला, मग सगळेच म्हणायला लागले. मला ते आवडत होतं. आवडत नव्हतं असं कसं म्हणू?

पेटी पडली ती माझ्या हावरटपणानं. चालता चालता उसाचं कांडं दातानं सोलत होतो, आणि बगलेतली पेटी सटकली. खडीवर पडली. उघडून बघितलं तर काच फुटलेली, पाऱ्याच्या गोळ्या तळाशी पळत होत्या. आसपास कुणी नव्हतं. मी पेटी मिटली.

तेव्हाच आप्पांना सांगितलं असतं तर? चिडले असते, दोन शिव्या घातल्या असत्या, आणि साहेबांकडे स्वतः गेले असते. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मी अजून कायम झालो नव्हतो. मनात एकच — पेटी फुटलेली कळली की मला घरी धाडतील.

म्हणून मी आकडे मनानं लिहायला लागलो. रोज रुळावर वाकायचं, बाकीच्यांकडे पाठ करायची, पेटी उघडायची, जरा थांबायचं, मिटायची. आदल्या दिवसाच्या आकड्यात एखादा अंश इकडेतिकडे. अकरा दिवस असे गेले.

बाराव्या दिवशी सकाळपासूनच ऊन बोचत होतं. ओढ्यावरच्या मोरीजवळचा तुकडा पावसाळ्याआधी उरकायचा म्हणून साहेबांचा रेटा होता. आप्पांनी रुळाला हात टेकला आणि लगेच उचलला. पुन्हा टेकला.

"मास्तर, आज लय तापलंय रं. बघ बरं."

मी वाकलो. पेटी उघडली. आत फुटकी काच. रेघेच्या वर म्हणालो असतो तर काम थांबलं असतं, आणि दोन तासांत साहेब ट्रॉलीवरून आले असते. पेटी बघायला.

"रेघेच्या खाली आहे, आप्पा," मी म्हणालो. "तीन अंश खाली."

आप्पा तसेच उभे राहिले. "हाताला तसं लागत न्हाई," म्हणाले.

भिवा हसला. "आवं आप्पा, मास्तर सातवीपातूर गेलाय. तुमचा हात कितवी शिकला?"

सगळे हसले. आप्पाही हसले. आणि म्हणाले, "चला, उकरा."

तासाभरात रूळ सुटला. आधी एक आवाज आला, आणि बघता बघता सरळ रूळ आडवा सरकून वळवळला, स्लीपरांसकट. आम्ही फावडी टाकून मागं पळालो. आप्पा पुढं पळाले — लाल बावटा घेऊन, कराडच्या दिशेनं, कारण मालगाडी यायची होती. पन्नाशी उलटलेला माणूस, भर उन्हात, अनवाणी. वहाणा मोरीवरच राहिल्या होत्या. गाडी थांबली. कुणाला खरचटलंही नाही.

आणि मी काय करत होतो? सगळे आप्पांकडे बघत होते तेव्हा मी पेटी काढली आणि दगडावर आपटली. मग ओरडलो, "अरे, पेटी फुटली!"

चौकशीला दोन मोठे साहेब आले. मी वही मोठ्यानं वाचून दाखवली. आप्पांना विचारलं तेव्हा ते एवढंच बोलले, "हाताला गरम लागलं हुतं सायब. पर आकडा बरुबर हुता." माझा आकडा ठीक, म्हणजे उष्णतेचा दोष नाही, असं साहेबांनी ठरवलं. मग मुकादमानंच एका वेळी जास्त स्लीपर मोकळे केले असणार. आप्पांना मुकादमकीवरून काढून साध्या गड्याचं फावडं दिलं. वही नीट ठेवल्याबद्दल साहेबांनी माझी पाठ थोपटली. पुढच्या वर्षी मी कायम झालो.

तुम्हाला वाटत असेल, हीच ती गोष्ट. मलाही बरीच वर्षं तसंच समजायला आवडलं. भित्रेपणा, दुसरं काय — असं म्हणून झोप लागते.

पण नंतर एक दिवस आला. मी कायम झालो त्या वर्षीचा, दिवाळीनंतरचा, गार. करंजाच्या झाडाखाली आम्ही दोघंच जेवत होतो. आप्पांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, माझ्याकडे न बघता —

"खरं सांग गड्या. माझा हात चुकला व्हय रं?"

त्यांना माझ्यावर संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांना मुकादमकीही परत नको होती. त्यांना फक्त हात चुकला की नाही एवढं कळून घ्यायचं होतं. आणि ते सांगू शकणारा जगात मी एकटा होतो. तेव्हा मला कुणी घरी धाडणार नव्हतं, भ्यायला कारणच उरलं नव्हतं. नुसतं "नाही आप्पा" म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "वय झालं, आप्पा. कातडी निबर होते. कळत नाही मग."

शब्द माझेच. कुणी शिकवले नव्हते.

त्यांनी उरलेली भाकरी मोडली. मग "व्हय, तसंच असंल," म्हणाले, आणि काकूंनी माझ्यासाठी वेगळी बांधून दिलेली चटणी माझ्यापुढं सरकवली. मी ती खाल्ली.

त्यानंतर आप्पांनी रुळाला कधी हात लावला नाही. नव्या मुकादमानं एकदा हौसेनं विचारलं, तर म्हणाले, "मला न्हाई कळत त्यातलं." निवृत्त होईपर्यंत ते माझ्या शेजारी फावडं चालवत होते. तीन उन्हाळे. रोज सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं.