उलट्या पिळाचा सांधा

जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचं संग्रहालय झालं आणि तिथल्या बाईंनी उस्तादला बोलावणं धाडलं. फोनचा इतिहास म्हणजे शोध लावणाऱ्यांचे फोटो, हाच आजवरचा खाक्या. खड्ड्यात उतरून, गुडघाभर पाण्यात केबल जोडणाऱ्याला कोण कुत्रं विचारतं? म्हणून उस्ताद इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला घेऊन, छाती काढून गेला.

काचेच्या पेटीत जमिनीखालच्या केबलचा एक सांधा होता. शिशाचं कवच कापलेलं, आत शेकडो तारा, दोन-दोन टोकं पिळून जोडलेल्या.

"आत ही चिठ्ठी सापडली, काका," बाई म्हणाल्या. "नाव तुमचं. इथं तुमचा फोटो लावणार आहोत."

कवच बंद करण्याआधी जॉइंटरनं, म्हणजे सांधा करणाऱ्यानं, आत आपल्या नावाची चिठ्ठी ठेवायची, ही धंद्याची रीत. पुढं कुणी उघडलं तर शिव्या कुणाला घालायच्या ते कळावं, असं सगळे हसून म्हणायचे.

उस्तादनं काचेला नाक लावलं आणि त्याचा चेहराच उतरला. एकूण एक पीळ उलटा होता. उभ्या खात्यात डावखुरा एकच: त्याच्या हाताखालचा हेल्पर, बायकोचा धाकटा भाऊ. सगळे त्याला डावऱ्याच म्हणायचे. काम असं, की बघत राहावं. पण टोळीचा म्होरक्या उस्ताद, म्हणून चिठ्ठी कायम उस्तादची. "घरचंच आहे रे, तुझं काय नि माझं काय!" एवढ्यावर मेहुण्याची बोळवण. पुढं डावऱ्यानं जॉइंटरच्या जागेसाठी केलेला अर्ज परत आला. कारण काय, तर नावावर एकही सांधा नाही. बिचारा हेल्पर म्हणूनच रिटायर झाला आणि दोन वर्षांत गेलाही.

"हा सांधा माझा नाही, बाई. माझ्या मेहुण्याचा आहे."

"पण अक्षर तर तुमचंच ना?"

"अक्षर माझं. लबाडीही माझीच."

बायको चमकली. "अहो, तुम्ही तर म्हणाला होतात, साहेबानं खोडा घातला!"

"साहेबानं मला विचारलं होतं. हा सांधे करतो का म्हणून."

"मग?"

"गप्प बसलो."

उस्ताद बाईंकडे वळला. "पाटीवर त्याचं नाव घाला."

"त्यांच्या नावाचा एखादा कागद आहे?"

कागद कुठून येणार? तीस वर्षांच्या सगळ्या चिठ्ठ्या त्यानंच तर लिहिल्या होत्या.

"पीळ बघा की! डावखुऱ्याशिवाय असा पडतच नाही!"

"मला पटतंय, काका. पण समितीला कागद लागतो."

"मग निदान माझं नाव तरी काढा."

बाईंनी पाटीच्या मसुद्यातलं नाव खोडलं आणि वर लिहिलं, 'कारागीर: अज्ञात'.

"अज्ञात कसा?" बायको म्हणाली. "मी बहीण आहे त्याची."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"चल आता," उस्ताद हळूच म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली आणि काचेपाशीच उभी राहिली.